क्वार्टरबॅकला ‘फ्लॉप’ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, झाल्यावर आपल्या क्रीडा पानावर विजेत्या सिएटलच्या सॅम डार्नल्ड या क्वार्टरबॅकविषयी, म्हणजे चाल चालवून पास फेकणाऱ्या खेळाडूविषयी, मोठा मजकूर आला. गोव्यातल्या मराठी दैनिकाने अमेरिकन फुटबॉलला एवढी जागा दिली याचा आनंदच आहे. क्रूझवर नोकरी करणारे आपले तारवटी ही आवड सुट्टीत घरी घेऊन येतात, आणि सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल लावणारी पोरे आता पेडण्यातही सापडतात, काणकोणातही. पण मजकुराचा सूर खटकला. न्यूयॉर्क जेट्स संघाकडे असताना हा खेळाडू ‘फ्लॉप’, नंतर त्याने जिद्द धरली आणि ‘हिरो’ झाला, असा तो सूर. (सोबत छापलेला चेंडू गोल होता, ते सोडून देऊ.) जिद्दीशिवाय एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगच्या दारातही कोणी उभा राहत नाही. क्वार्टरबॅकची कारकीर्द वर जाते किंवा कोसळते ती बहुतेक वेळा त्याच्यासमोर उभी राहून त्याला वाचवणारी लाइन, डावपेच लिहिणारा प्रशिक्षक, कराराची कलमे आणि दुखापत यांच्यामुळे. यातले मजकुरात काहीच नव्हते, म्हणून हे पत्र लिहावे लागले.

धेंपो-साळगावकरचे सामने पाहत वाढलेल्या वाचकाला आधी कामाचे स्वरूप सांगायला हवे, कारण आपल्या फुटबॉलमध्ये अशी जागाच नाही. एक चाल संपली की चाळीस सेकंदांचे घड्याळ सुरू होते. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटवर मागे हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्या हेल्मेटात स्पीकर आहे. त्यातून प्रशिक्षक पुढची चाल सांगतो. घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो रेडिओ आपोआप बंद पडतो. जत्रेतल्या नाटकात ऐन प्रवेशात प्रॉम्प्टर गप्प व्हावा तसे, आणि इथे तो दर प्रवेशाला नियमानुसार गप्प होतो. उरलेल्या वेळात क्वार्टरबॅकने समोरचा बचाव वाचायचा: मागे खोलवर सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) एक आहे की दोन, कोणता लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) पुढे सरकतोय, कोणाला अडवायला कोण. गरज पडली तर चाल तिथल्या तिथे बदलायची आणि मग चेंडू मागायचा. चेंडू हातात आल्यावर मिळतात साधारण अडीच ते पावणेतीन सेकंद.

त्या अडीच सेकंदांत काय बिघडते ते पाहिले की पुढचे सगळे कळते. समजा चाल आहे पाच पावले मागे जाऊन बाजूरेषेकडे पास द्यायची. पाचवे पाऊल टेकले की चेंडू सुटायला हवा. पास झेलणारा रिसीव्हर तोवर वळलेलाही नसतो. तो जिथे वळणार आहे तिथे चेंडू फेकायचा असतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याची डावी बाजू त्याला दिसत नाही, ती लाइनमधला लेफ्ट टॅकल सांभाळतो. हा टॅकल कच्चा असेल, तर दोन-तीनदा मागून आदळल्यावर क्वार्टरबॅकची नजर रिसीव्हरवरून उतरते आणि अंगावर येणाऱ्या माणसांवर जाते. मग पुढचा पाय नीट पडत नाही, वजन मागच्या पायावरच राहते, चेंडू वर चढतो किंवा क्षणभर उशिरा सुटतो. तेवढ्या वेळात रिसीव्हरवर नजर ठेवणारा कॉर्नरबॅक मध्ये घुसून पास पळवतो, म्हणजे इंटरसेप्शन करतो. हात तोच असतो, बिघडलेले असतात पाय आणि नजर. बाहेरून पाहणारा म्हणतो, याला फेकता येत नाही.

डार्नल्डचे हेच झाले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक कार्यक्रमात, जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले. सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर सरकण्यासाठी त्यांनी दुसऱ्या फेरीतल्या तीन निवडी देऊन टाकल्या होत्या, म्हणजे लाइन आणि रिसीव्हर घेण्याचे भांडवल क्वार्टरबॅक आणण्यातच संपले. लीगमधल्या त्याच्या पहिल्याच पासवर डेट्रॉइटने इंटरसेप्शन करून थेट टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण) केला. तो सामना मात्र जेट्सने ४८-१७ असा जिंकला, हेही लक्षात ठेवायला हवे. पहिल्या वर्षानंतर मुख्य प्रशिक्षक बदलला. २०१९ मध्ये त्याला मोनोन्यूक्लिओसिस हा विषाणूजन्य आजार झाला, काही सामने गेले. त्याच ऑक्टोबरात न्यू इंग्लंडने ३३-० असे धुतले; त्यात त्याचे ३२ पैकी ११ पास पूर्ण झाले, अवघे ८६ यार्ड मिळाले आणि चार इंटरसेप्शन गेले. अंगावर लावलेल्या मायक्रोफोनमधून ‘मला भुते दिसताहेत’ हे त्याचे वाक्य साऱ्या देशाने ऐकले आणि वर्षानुवर्षे टिंगल केली. टिंगल करणाऱ्यांनी त्या रात्रीचा बचाव पाहिला नाही. न्यू इंग्लंड मागे एकही सेफ्टी न ठेवता, अडवणाऱ्यांपेक्षा एक माणूस जास्त पाठवत होते. अशा वेळी न अडवलेला माणूस कोणता हे आधीच ओळखून चेंडू झटकन सोडावा लागतो, आणि त्यासाठी तसा तयार मार्ग चालीत लिहून ठेवलेला असावा लागतो. ते काम प्रशिक्षकाचे.

जेट्सकडे त्याचे १३ विजय आणि २५ पराभव. २०२१ मध्ये संघाने त्याला कॅरोलिनाला देऊन दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन हा नवा क्वार्टरबॅक घेतला. त्याचेही तिथे काही जमले नाही, २०२४ मध्ये तो डेन्व्हरला गेला. एकाच संघात लागोपाठ दोन ‘फ्लॉप’ निघाले की शंका कोणाची घ्यायची?

पुढचे थोडक्यात. डार्नल्ड आपल्याकडे एकही सामना खेळण्याआधीच कॅरोलिनाने त्याला पाचव्या वर्षाच्या १ कोटी ८८ लाख डॉलरची हमी दिली, तिथे हंगाम चालू असतानाच कोऑर्डिनेटर (आक्रमणाच्या चाली आखणारा प्रशिक्षक) गेला, पुढच्या वर्षी मुख्य प्रशिक्षकही गेला. २०२३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला ब्रॉक पर्डीचा राखीव म्हणून बसला. आमच्या मते हे वर्ष त्याच्या कारकिर्दीतले सर्वांत मोलाचे, आणि आपल्या मजकुरात त्याला अर्धी ओळही मिळाली नाही. २०२४ मध्ये मिनेसोटाने त्याला एका वर्षासाठी एक कोटी डॉलरवर घेतले तेही तात्पुरते. दहाव्या क्रमांकावर निवडलेल्या जे. जे. मॅकार्थीचा गुडघा सरावाच्या सामन्यात गेला म्हणून तो मैदानात राहिला. ४,३१९ यार्ड, ३५ टचडाउन, १४ विजय, ३ पराभव. त्यानंतर प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) रॅम्स संघाने त्याला एकाच सामन्यात नऊ वेळा सॅक केले, म्हणजे पास सुटण्याआधीच पाडले, आणि लगेच जुना शिक्का बाहेर निघाला. मिनेसोटाने त्याला जाऊ दिले, कारण मॅकार्थी स्वस्त करारावर तयार होता. सिएटलने तीन वर्षांसाठी १० कोटी ५ लाख डॉलर देऊ केले. तिथला तेव्हाचा नवा कोऑर्डिनेटर क्लिंट कुबियाक २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच पासिंगचे काम पाहत होता. म्हणजे डार्नल्डला प्लेबुकची भाषा आधीच पाठ होती. ८ फेब्रुवारी २०२६ रोजी सिएटलने न्यू इंग्लंडला २९-१३ हरवले, आणि त्या सामन्याचा मानकरी ठरला चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक केनेथ वॉकर. क्वार्टरबॅक एकटा जिंकत नाही हे त्या निकालातच लिहिले आहे.

आता ॲलेक्स स्मिथ. क्वार्टरबॅकच्या आयुष्यात जेवढे चढउतार होऊ शकतात तेवढे सगळे या एका माणसाच्या वाट्याला आले, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले. त्याच ड्राफ्टमध्ये आरन रॉजर्स चोविसाव्या क्रमांकापर्यंत घसरला, ग्रीन बेला गेला आणि ब्रेट फार्व्ह या अनुभवी क्वार्टरबॅकच्या मागे तीन वर्षे बसून शिकला. स्मिथला पहिल्याच वर्षी कमकुवत संघासोबत मैदानात लोटले: १ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. त्यानंतर कोऑर्डिनेटरांची रांग पाहा. २००५ मध्ये माइक मॅकार्थी, २००६ मध्ये नॉर्व्ह टर्नर, २००७ मध्ये जिम हॉसलर, २००८ मध्ये माइक मार्ट्झ, २००९ मध्ये जिमी रे, २०१० मध्ये रे यांना हंगामातच काढून माइक जॉन्सन. नवा कोऑर्डिनेटर म्हणजे फक्त नव्या चाली नव्हेत. त्याच चालीला नवे नाव, पावलांचा नवा हिशेब, कोणत्या रिसीव्हरकडे आधी पाहायचे याचा नवा क्रम. अंगवळणी पडलेले मोडून पुन्हा बसवायला एक हंगाम जातो, आणि तो बसेपर्यंत इथे पुढचा माणूस येत होता. मध्येच २००७ मध्ये उजवा खांदा गेला, २००८ चा अख्खा हंगाम त्याने बाहेर काढला. २०१० अखेर हिशेब १९ विजय, ३१ पराभव.

२०११ मध्ये जिम हार्बॉ हा नवा मुख्य प्रशिक्षक आला. संघात राखलेला क्वार्टरबॅक तोच, लाइन सुधारलेली, बचाव भक्कम आणि स्मिथसाठी चाली सोप्या केलेल्या: छोटे पास, चेंडू घेऊन धावण्याच्या चाली जास्त, धोका कमी. हार्बॉच्या हाताखाली त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांचा हिशेब १९ विजय, ५ पराभव, १ बरोबरी. जानेवारी २०१२ मध्ये न्यू ऑर्लिन्सविरुद्ध नऊ सेकंद उरले असताना व्हर्नन डेव्हिसला दिलेला १४ यार्डांचा टचडाउन पास ज्यांनी पाहिला, त्यांना ‘दबावात याला जमत नाही’ हे वाक्य परत उच्चारता आले नाही. पण २०१२ मध्ये डोक्याला मार लागून तो बाहेर बसला. तेव्हा त्याचे ७० टक्के पास पूर्ण होत होते. त्याच्या जागी आलेला कॉलिन केपर्निक चमकला आणि स्मिथला जागा परत मिळाली नाही. वाईट खेळून जागा गेली असती तर समजण्यासारखे होते. इथे उत्तम खेळत असताना गेली. लीगमध्ये दुखापतग्रस्ताची जागा राखून ठेवण्याचा नियम नाही.

तिथून कॅन्सस सिटी. आदल्या वर्षी २ विजय आणि १४ पराभव असलेल्या संघाने त्याच्यासोबत पहिल्याच हंगामात ११ सामने जिंकले. २०१७ मध्ये पासर रेटिंग या पासिंगच्या कामगिरीच्या आकड्यात तो लीगमध्ये पहिला आला, १०४.७. पण त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संघाने पॅट्रिक महोम्सला निवडून ठेवले होते. लीगमधला सर्वोत्तम आकडा काढणाऱ्याला पुढच्या मोसमाआधी वॉशिंग्टनला विकले. आमचे मत विचाराल तर कॅन्सस सिटीने बरोबर केले, आणि स्मिथचेही काही चुकले नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरे असते, हे खेळाची बातमी लिहिताना फार अवघड जात असावे.

१८ नोव्हेंबर २०१८ रोजी ह्यूस्टनविरुद्ध सॅक होताना त्याच्या उजव्या पायाची दोन्ही हाडे पिळवटून मोडली आणि कातडीबाहेर आली. उघड्या जखमेत मांसपेशी सडवणारा जंतुसंसर्ग शिरला. पाय कापण्याचा विचार करण्यापर्यंत गोष्ट गेली. सतरा शस्त्रक्रिया झाल्या. ११ ऑक्टोबर २०२० रोजी तो परत मैदानात उतरला, त्या हंगामात सुरुवात केलेल्या सहापैकी पाच सामने जिंकून दिले, पुनरागमनाचा पुरस्कार घेतला आणि एप्रिल २०२१ मध्ये निवृत्त झाला. संघाने त्यापूर्वीच मार्चमध्ये त्याला मोकळे केले होते.

या सगळ्याला आपण छापता ते ‘रेटिंग’ कसे अपुरे पडते, तेही सांगतो, कारण तक्त्यात तोच एक आकडा असतो. समजा ३० पैकी २० पास पूर्ण, २५० यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. पूर्ण पासची टक्केवारी ६६.७, त्यातून ३० वजा करून ०.०५ ने गुणा: १.८३३. प्रत्येक पासमागे ८.३३ यार्ड, त्यातून ३ वजा करून पावाने गुणा: १.३३३. टचडाउनची टक्केवारी ६.६७, तिला ०.२ ने गुणा: १.३३३. इंटरसेप्शनची टक्केवारी ३.३३, तिला पावाने गुणून २.३७५ मधून वजा करा: १.५४२. बेरीज ६.०४, तिला सहाने भागून शंभराने गुणा, येते १००.७. चारपैकी कोणताही भाग शून्याखाली जात नाही आणि २.३७५ च्या वर चढत नाही, म्हणून कमाल आकडा १५८.३. आता याच सामन्यात तो सहा वेळा सॅक झाला आणि दोनदा चेंडू हातातून निसटला (फंबल) असे धरा. रेटिंग तेच, १००.७. उलट, सॅक टाळायला शहाणपणाने चेंडू मैदानाबाहेर फेकला तर तो अपूर्ण पास म्हणून मोजला जातो आणि रेटिंग उतरते. म्हणजे चेंडू धरून आपटून घेणाऱ्याचा आकडा शाबूत आणि संघाचे यार्ड वाचवणाऱ्याचा खाली. सॅक आणि फंबल सोबत न छापता नुसते रेटिंग छापणे म्हणूनच दिशाभूल करते.

कराराची गंमत वेगळीच. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला एक सामना खेळण्यापूर्वी पाच कोटी डॉलरची हमी मिळाली. २०११ च्या नव्या कामगार करारानंतर पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सव्वादोन कोटींच्या आसपास. तेव्हापासून नवखा क्वार्टरबॅक स्वस्त झाला आणि संघांचे गणित बदलले: ही स्वस्त चार वर्षे चालू असताना वाचलेल्या पैशात बाकी संघ उभा करायचा. म्हणूनच नवा प्रशिक्षक आला आणि वरची निवड हाताशी असली, की तिसऱ्या वर्षीच्या मुलाला विकून घड्याळ पुन्हा शून्यावर आणले जाते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूच्या कराराचे पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे संघाला तिसऱ्या हंगामानंतरच्या मे महिन्यात ठरवावे लागते, पुरेसे पाहण्याआधीच.

बातमीत ‘इतक्या कोटींचा करार’ असा आकडा येतो तोही जपून वाचावा. खरी असते ती हमीची रक्कम. सहीचा बोनस खेळाडूला लगेच मिळतो, पण वेतनमर्यादेच्या (संघाने पगारावर वर्षाला खर्च करायच्या कमाल रकमेच्या) हिशेबात तो पाच वर्षांपर्यंत विभागता येतो. अडीच कोटींचा बोनस पाच वर्षांत वाटला आणि दोन वर्षांनी खेळाडूला काढला, तर उरलेले दीड कोटी संघाच्या डोक्यावर येऊन बसतात. डेन्व्हरने मार्च २०२४ मध्ये रसेल विल्सनला काढले तेव्हा असे साडेआठ कोटी डॉलर अंगावर घेतले, आणि पिट्सबर्गने त्याच माणसाला १२ लाख १० हजारांवर उचलले. पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा खेळाडू. २०२३ च्या मोसमात संघाला सुपर बोलपर्यंत नेले तेव्हा त्याचा पगार नऊ लाख डॉलरच्या आत होता; २०२५ मध्ये पाच वर्षांचे २६ कोटी ५० लाख. पगार पाहून गुणवत्ता ठरवली तर दोघांवरही अन्याय होतो.

क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नरची किराणा दुकानात माल लावण्याची गोष्ट सर्वांना माहीत आहे, ती पुन्हा सांगत नाही. तिचा उत्तरार्ध कोणी छापत नाही. १९९९ आणि २००१ असे दोनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला हा माणूस २००२ मध्ये सुरुवात केलेले सहाच्या सहा सामने हरला. फेकायच्या हाताचे बोट मोडले होते. २००३ च्या पहिल्याच सामन्यात सहा वेळा चेंडू निसटला आणि जागा मार्क बल्जरकडे गेली. न्यूयॉर्कला गेला तिथे नवख्या ईलाय मॅनिंगसाठी बसवले. २००८ च्या मोसमात त्याच वॉर्नरने ॲरिझोनाला सुपर बोलपर्यंत नेले. २००४ साली त्याच्यावर ‘संपला’ असा मथळा देणाऱ्यांनी हात बरा होईपर्यंत थांबायला हवे होते.

लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिंपिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे. पाच विरुद्ध पाच, टक्कर नाही, कमरेची पट्टी ओढली की चाल संपली. क्वार्टरबॅकला पास द्यायला सात सेकंद आणि त्याच्यावर धावून जाणाऱ्याला सात यार्ड मागून सुरुवात. महागडे हेल्मेट-पॅड लागत नाहीत, शाळेच्या मैदानात बसते. आपल्याकडची मुले हा खेळ उचलतील तेव्हा वाचक आणखी वाढतील.

म्हणून विनंती एवढीच. येत्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीतल्या क्वार्टरबॅकांची नावे छापाल, तेव्हा प्रत्येकासमोर तीन गोष्टी द्याव्यात: त्या संघाचा कोऑर्डिनेटर कोण आणि किती वर्षांपासून, गेल्या मोसमात त्या संघाने किती सॅक दिले, आणि त्याच्या पुढे कोणी अनुभवी क्वार्टरबॅक आहे की त्याला पहिल्याच रविवारी उतरवणार. सप्टेंबरपासूनच्या साप्ताहिक तक्त्यात रेटिंगशेजारी सॅक आणि फंबलचे दोन रकाने वाढवले तर जागा फार लागणार नाही. आणि चित्र छापायचेच असेल तर चेंडू लांबट असलेले निवडावे.

आपले,
अमेरिकन फुटबॉल नियमित पाहणारे काही वाचक,
फोंडा, गोवा